फोन मोडेम म्हणून लिनक्सला जोडायचाय, पण त्याला फोन दिसतच नाही

निळी_शाई | शनिवार, सकाळी ९:१२

एका जुन्या लॅपटॉपवर काल रात्री डेबियन (लिनक्सचा एक प्रकार) टाकलं. सगळं सुरळीत झालं, फक्त वायफाय नाही. शोधाशोध केल्यावर कळलं की या वायफाय चिपचं फर्मवेअर (चिप चालवणारं तिच्या आतलं सॉफ्टवेअर) डेबियनला आपल्याबरोबर वाटता येत नाही. जे पॅकेज आहे ते नुसतं निरोप्या. खरं फर्मवेअर ते नेटवरून उतरवून घेतं. म्हणजे नेट चालू व्हायला आधी नेट हवं! लॅन पोर्ट आहे, पण राउटरपर्यंत पोचेल एवढी वायर नाही.

मग फोन मोडेम म्हणून वापरायचं ठरवलं. फोन अँड्रॉइड आहे, दोनेक वर्षांचा. एक जुनी मार्गदर्शिका सापडली. तिच्यात डब्ल्यूव्हीडायल (मोडेमने डायल करून नेट जोडणारा प्रोग्राम) टाका, त्याची फाइल लिहा, *९९# डायल करा असं सगळं होतं. डब्ल्यूव्हीडायलचं पॅकेज दुसऱ्या मशीनवरून पेनड्राइव्हने आणलं तर ते दुसरं पॅकेज मागतं, ते तिसरं मागतं. चार फेऱ्या मारून ते एकदाचं बसलं आणि म्हणालं, मोडेम सापडला नाही. फोन मात्र मजेत चार्ज होतोय.

काय चुकतंय? जाणकारांनी प्रकाश टाकावा. टर्मिनलची भीती नाही, पण नेटवर्किंगमध्ये मी शून्य आहे.

खटपट्या | शनिवार, सकाळी ९:३०

डब्ल्यूव्हीडायल काढून टाका. ती मार्गदर्शिका ज्या फोनांसाठी लिहिली होती ते आता फडताळात आहेत.

अँड्रॉइडमध्ये सेटिंग्ज, मग नेटवर्क, मग हॉटस्पॉट आणि टेदरिंग. तिथे 'यूएसबी टेदरिंग' चालू करा (टेदरिंग म्हणजे फोनचं नेट दुसऱ्या यंत्राला देणं). वायर आधी जोडा, बटण मागाहून. लिनक्सच्या बाजूला काहीही टाकावं लागत नाही. लागणारा ड्रायव्हर कर्नलमध्येच, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यातच, असतो. दहा सेकंदांत वरच्या पट्टीत तारेच्या नेटवर्कचं चिन्ह यायला हवं.

जुनी_खोड | शनिवार, सकाळी १०:०५

खटपट्यांनी उपाय सांगितला, मी कारण सांगतो. हे एकदा समजलं की पुढचे निम्मे प्रश्न पडतच नाहीत.

पूर्वी फोन खरोखर मोडेम व्हायचा. म्हणजे संगणकाला तो सिरियल पोर्ट म्हणून दिसायचा, लिनक्समध्ये डेव्ह फोल्डरात टीटीवाय-एसीएम-शून्य या नावाने. त्या पोर्टवर तुम्ही 'एटी' ने सुरू होणारे हुकूम लिहायचे. हे एटी म्हणजे 'अटेन्शन', १९८१ च्या हेझ स्मार्टमोडेमपासून चालत आलेलं. फोनने होकार दिला की पीपीपीची (डायल करून जोडणी करण्याच्या पद्धतीची) बोलणी व्हायची आणि आयपी पत्ता थेट तुमच्या संगणकाला मिळायचा. फोन मधला हमाल, इंटरनेटवरचा यजमान संगणक.

आजचा फोन मोडेम होत नाही. तो एकाच वेळी दोन सोंगं घेतो. संगणकाला तो यूएसबीवरचं नेटवर्क कार्ड म्हणून दिसतो, आणि त्या कार्डापलीकडे स्वतःच राउटर होऊन बसतो. इंटरनेटचा पत्ता फोनकडेच राहतो, तुम्हाला तो आपल्या घरचा खासगी पत्ता डीएचसीपीने (आपोआप पत्ते वाटण्याच्या पद्धतीने) देतो. म्हणून डायल करायला काही उरलेलंच नाही. डब्ल्यूव्हीडायल ज्या दारावर टकटक करतंय ते दार आता भिंतीत नाही.

त्यामुळे 'मोडेम सापडला नाही' हे उत्तर अगदी खरं होतं.

निळी_शाई | शनिवार, सकाळी १०:४०

समजलं, आणि चार फेऱ्यांचं दुःखही झालं.

पण यूएसबी टेदरिंगचं बटण राखाडी आहे, दाबताच येत नाही. हॉटस्पॉट आणि ब्लूटूथची बटणं चालू दिसतात. फोन चार्ज होतोय म्हणजे वायर ठीक आहे ना?

खटपट्या | शनिवार, सकाळी १०:४४

नाही! नेमकी तीच शंका आहे. एलएसयूएसबी चालवा (जोडलेल्या यूएसबी उपकरणांची यादी देतं), मग वायर काढून पुन्हा चालवा. दोन्ही याद्या सारख्याच आल्या तर संगणकाला फोनचा पत्ताच नाही, तो फक्त वीज पुरवतोय.

(आज्ञा उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहितोय, टर्मिनलात अर्थातच रोमन लिपीत टाका.)

आणखी स्पष्ट बघायचं तर सुडो डीमेसेज -डब्ल्यू (कर्नलच्या नोंदी येतील तशा दाखवतं) चालू ठेवा आणि वायर जोडा. नवीन यूएसबी उपकरण आल्याची ओळ उमटली नाही, तर वायर बदला.

निळी_शाई | शनिवार, सकाळी १०:५८

दोन्ही याद्या सारख्या. डीमेसेज मख्ख.

बिनतारी | शनिवार, सकाळी ११:०२

चार्जिंगपुरती वायर. आत फक्त विजेच्या दोन तारा, डेटाच्या दोन घातलेल्याच नाहीत. बाहेरून ओळखू येत नाही हाच वैताग. पंखा, दिवा, हेडफोन यांच्याबरोबर आलेल्या वायरी बहुतेक याच जातीच्या असतात. फोनबरोबर मूळ आलेली वायर शोधा. आणि डेटाची वायर हाती लागली की तिच्यावर रंगीत चिकटपट्टी गुंडाळून ठेवा, मी तेच करतो.

निळी_शाई | शनिवार, सकाळी ११:३१

सापडली! वायर बदलली, बटण जिवंत झालं, दाबलं, आणि 'वायर्ड कनेक्शन १ जोडले' असा निरोप आला. पानं उघडतायत. फर्मवेअर उतरतंय. खटपट्या, जुनी_खोड, बिनतारी, तिघांचे मनापासून आभार.

डीमेसेजमध्ये आरएनडीआयएस-होस्ट असं काहीतरी आलं, मग यूएसबी-शून्य, आणि लगेच त्याचं नाव बदलून ईएनएक्स आणि पुढे लांबलचक आकडे. हे काय आहे? आणि दुसरं: फोन वायफायवर असतानाही लॅपटॉपला नेट मिळतंय. मला वाटलं होतं मोबाइल डेटाच लागेल.

बिनतारी | शनिवार, सकाळी ११:५०

दुसऱ्या प्रश्नाचं आधी. अँड्रॉइडचं यूएसबी टेदरिंग हातात जे नेट असेल ते पुढे देतं. फोन वायफायवर असेल तर वायफाय, नसेल तर मोबाइल डेटा. म्हणजे या घडीला तुमचा फोन लॅपटॉपचं वायफाय कार्ड झालाय. नव्या मशीनवर लिनक्स टाकताना ही युक्ती सोन्यासारखी आहे. इन्स्टॉलरला वायफाय ओळखता आलं नाही तरी यूएसबीवरचा फोन बहुतेक वेळा ओळखता येतो. डेबियनने १२ व्या आवृत्तीपासून, म्हणजे २०२३ पासून, बाकीचं फर्मवेअर इन्स्टॉलरमध्येच द्यायला सुरुवात केली, त्यामुळे गरज कमी झाली. पण तुमच्यासारख्या चिपा उरतातच.

आयफोनचं तसं नाही. त्याचा हॉटस्पॉट फक्त मोबाइल डेटाच पुढे देतो.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर जुनी_खोड देतील, त्यांना नावांचा इतिहास सांगायला आवडतो.

जुनी_खोड | शनिवार, दुपारी १२:२०

आवडतोच!

आरएनडीआयएस म्हणजे यूएसबीवरून नेटवर्कची पाकिटं वाहून नेण्याची मायक्रोसॉफ्टची पद्धत. विंडोजला तीच कळायची म्हणून अँड्रॉइडने २०१० मध्ये, आवृत्ती २.२ पासून, तीच घेतली. लिनक्सने ती बोली शिकून घेतली, तोच आरएनडीआयएस-होस्ट ड्रायव्हर. यूएसबीची स्वतःची प्रमाणित पद्धत वेगळी आहे, सीडीसी घराण्यातली. तिच्यातली एनसीएम नावाची पद्धत काही नवे फोन वापरतात. मग डीमेसेजमध्ये सीडीसी-एनसीएम असं येईल. घाबरू नका, काम तेच.

नावाचं म्हणाल तर कर्नल यूएसबी-शून्य म्हणतो, पण सिस्टिमडी (लिनक्स सुरू करून सांभाळणारी यंत्रणा) २०१३ पासून नेटवर्क कार्डांना 'ठरलेली' नावं देतं. यूएसबी कार्डाला ते बरेचदा ईएनएक्स आणि पुढे मॅक पत्ता (कार्डाचा ओळख क्रमांक) असं नाव देतं. गंमत अशी की पुष्कळ अँड्रॉइड फोन टेदरिंगच्या वेळी दरवेळी नवा मॅक पत्ता बनवतात. म्हणजे ठरलेलं नाव रोज बदलतं. नाव कायम राहावं म्हणून केलेल्या योजनेची याहून चांगली फजिती मी पाहिलेली नाही.

खटपट्या | शनिवार, दुपारी १२:४१

एक सोय सांगून ठेवतो. वायर काढली की टेदरिंग बंद पडतं आणि दरवेळी बटण दाबावं लागतं. कंटाळा येत असेल तर फोनमध्ये डेव्हलपर पर्याय उघडा (बिल्ड क्रमांकावर सात वेळा टिचकी). तिथे 'मूळ यूएसबी रचना' असा पर्याय आहे, त्यात टेदरिंग निवडा. मग वायर जोडली की आपोआप चालू.

निळी_शाई | शनिवार, दुपारी १२:५५

हे तर फारच छान. केलं लगेच.

सोललेलं_सफरचंद | शनिवार, दुपारी २:१५

धागा ढापतोय, क्षमस्व. आयफोन आहे. वायर चांगली आहे, फोटो दिसतात. पर्सनल हॉटस्पॉट चालू आहे. आयपी लिंक मध्ये कार्डही दिसतं, पण पत्ता मिळत नाही.

बिनतारी | शनिवार, दुपारी २:३८

कार्ड दिसतंय म्हणजे आयपीएथ ड्रायव्हर आपलं काम करतोय. तो कर्नलमध्ये २०१० पासून आहे, २.६.३४ पासून. पण नुसता ड्रायव्हर पुरत नाही, आयफोनला संगणकाशी ओळखपाळख लागते. यूएसबीमक्सडी आणि लिबआयमोबाइलडिव्हाइसची साधनं टाका. मग फोनचं कुलूप उघडून वायर जोडा. 'या संगणकावर विश्वास ठेवायचा का' असं विचारेल, हो म्हणा. विचारलंच नाही तर आयडिव्हाइसपेअर पेअर ही आज्ञा चालवा. कुलूप लागलेलं असताना केलेली खटपट वाया जाते.

पत्ता १७२.२०.१०.२ च्या आसपास मिळाला की झालं. ते जाळं मुद्दाम एवढंसं ठेवलंय, २८ चा मास्क. फोन धरून चौदा पत्ते, बस.

सोललेलं_सफरचंद | शनिवार, दुपारी ३:०१

कुलूपच होतं. झालं. धन्यवाद!

तात्या_टर्मिनल | शनिवार, सायंकाळी ६:१०

जुनी_खोड, डब्ल्यूव्हीडायलचं नाव वाचून डोळे पाणावले. सांगा ना त्या काळाचं, नव्या पोरांना कळू द्या.

जुनी_खोड | शनिवार, रात्री ९:२५

तात्या, तुम्ही काडी टाकलीत.

माझा पहिला प्रयोग वायरीचाही नव्हता. फोन आणि लॅपटॉप या दोघांना इन्फ्रारेडचे डोळे होते, ते एकमेकांसमोर ठेवायचे. मध्ये हात गेला, टेबल हललं की संपर्क तुटला. उन्हाची तिरीप आली तरी तुटायचा. लिनक्समधलं इन्फ्रारेडचं ते सगळं घराणं २०१८ मध्ये कर्नलमधून काढून टाकलं, कोणी हूं की चूं केलं नाही.

मग वायर आली. डब्ल्यूव्हीडायलच्या फाइलीत एक ओळ कधी विसरायची नाही: 'स्टुपिड मोड = १'. याचा अर्थ, समोरून लॉगिनची विचारणा येईल म्हणून वाट बघू नकोस, जोडणी झाली की मुकाट्याने पीपीपी सुरू कर. त्याआधी एटी+सीजीडीकाँट या हुकुमाने एपीएन (कंपनीच्या डेटा जाळ्याच्या दाराचं नाव) भरायचं, त्याला क्रमांक द्यायचा १, आणि मग डायल करायचं *९९***१#. तो शेवटचा १ म्हणजे वर भरलेल्या ओळीचा क्रमांक. हे लोकांना ठाऊकच नसायचं, मंत्र म्हणून टाइप करायचे. सीडीएमए फोनवाल्यांचा मंत्र वेगळा, #७७७.

वेग? जीपीआरएसवर सेकंदाला ४० किलोबिट मिळाले तर सण. त्यात कोणाचा फोन आला की डेटा ताटकळत उभा, कारण ते फोन एका वेळी एकच काम करत. एकदा रात्रभर लावून ठेवलेलं डाउनलोड पहाटे एका चुकीच्या नंबरच्या कॉलने गेलं. 'नो कॅरिअर' ही दोन शब्दांची ओळ मी आयुष्यात जितक्यांदा वाचली असेल तितक्यांदा स्वतःचं नावही वाचलं नसेल.

आता कोणी डाँगल वापरत असेल तर तो मात्र अजून मोडेमच असतो. त्यासाठी मोडेममॅनेजर. काही डाँगल आधी स्वतःला सीडी म्हणून दाखवतात, त्यांना यूएसबी-मोडस्विच धक्का देऊन जागं करतं. तो वेगळ्या धाग्याचा विषय.

तात्या_टर्मिनल | शनिवार, रात्री ९:३३

+१. 'स्टुपिड मोड' ला मी माझ्या एका सहकाऱ्याचं नाव दिलं होतं.

निळी_शाई | सोमवार, रात्री ८:०५

पुन्हा आले, आणि यावेळी रडत.

शनिवारी फर्मवेअर बसलं, लॅपटॉपचं स्वतःचं वायफाय सुरू झालं. आज दिवसभर लॅपटॉप वायफायवर होता. फोन फक्त चार्जिंगला म्हणून त्याच वायरने लावला होता. संध्याकाळी फोनवर संदेश: आजचा डेटा संपला. फोनचं वायफाय बंद होतं, पण लॅपटॉप तर राउटरवर होता! वायफायचं चिन्हही पूर्ण दिसत होतं. लॅपटॉपवर फोटोंचा बॅकअप चालू होता तो सगळा फोनमधून गेला असावा. असं कसं?

मार्गस्थ | सोमवार, रात्री ८:२२

माझ्या आवडीच्या खड्ड्यात पडलात. आयपी रूट चालवा. 'डीफॉल्ट' ने सुरू होणाऱ्या दोन ओळी दिसतील, प्रत्येकीच्या शेवटी मेट्रिक म्हणून आकडा. तारेच्या जोडणीला नेटवर्कमॅनेजर (लिनक्समधल्या जोडण्या सांभाळणारा प्रोग्राम) १०० देतो, वायफायला ६००. आकडा लहान त्याचा मान मोठा. बाहेर जाणारं प्रत्येक पाकीट १०० च्या वाटेने जातं, ६०० ची वाट नुसती शोभेला उभी.

एरवी हे शहाणपणाचंच आहे, तार वायफायपेक्षा भरवशाची. पण वर जुनी_खोड म्हणाले तसं फोनने नेटवर्क कार्डाचं सोंग घेतलंय. नेटवर्कमॅनेजरला ते सोंग आहे हे कळत नाही. त्याच्या लेखी ती खरीखुरी तार आहे.

आणि डेव्हलपर पर्यायांतली ती 'आपोआप टेदरिंग' सोय चालू असेल, तर चार्जिंगला लावणं म्हणजेच टेदरिंग.

खटपट्या | सोमवार, रात्री ८:३०

ती सोय मी सांगितली होती. कान पकडतो. आधी ते बदलून 'डेटा देवाणघेवाण नाही' करा. माझ्या लॅपटॉपला दुसरं नेटच नसतं म्हणून मला हे कधी सोसावं लागलं नाही.

निळी_शाई | सोमवार, रात्री ८:३६

अहो तुमचा काय दोष, मीच उत्साहात केलं. बंद केलं आता. पण मला टेदरिंग अधूनमधून लागणार आहे. मेट्रिक बदलता येतं का?

मार्गस्थ | सोमवार, रात्री ९:१०

येतं. सोपा मार्ग असा: एनएमसीएलआय कनेक्शन मॉडिफाय, मग त्या जोडणीचं नाव, मग आयपीव्ही४.रूट-मेट्रिक ७००. तसंच आयपीव्ही६.रूट-मेट्रिक ७००. सहाचं विसरू नका, नाहीतर निम्मी रहदारी तरी फोनवरूनच जाईल. शेवटी कनेक्शन अप.

पण हे उद्या टिकणार नाही. फोनने नवा मॅक पत्ता बनवला की नेटवर्कमॅनेजर म्हणणार ही नवी तार, आणि पुन्हा १०० देणार. तुमच्या यादीत 'वायर्ड कनेक्शन' किती झालीत बघा.

टिकाऊ मार्ग म्हणजे जोडणी मॅक पत्त्याला न बांधता ड्रायव्हरला बांधायची. एनएमसीएलआय कनेक्शन अ‍ॅड टाइप ईथरनेट, नाव द्या 'फोन', आयएफनेमच्या जागी अवतरणात तारा (*), आणि मॅच.ड्रायव्हर मध्ये आरएनडीआयएस_होस्ट. त्याच ओळीत दोन्ही मेट्रिक ७०० आणि कनेक्शन.मीटर्ड यस. ऑटोकनेक्ट-प्रायॉरिटी १० ठेवा म्हणजे आधीच्या जोडण्यांआधी हिचा नंबर लागेल. नवा फोन घेतलात आणि तो एनसीएमवाला निघाला तर मॅच.ड्रायव्हर मध्ये सीडीसी_एनसीएम ची भर घाला.

आता मीटर्डबद्दल. यामुळे 'इथे डेटा मोजून मिळतो' हे प्रणालीला कळतं. अँड्रॉइड फोन डीएचसीपीच्या उत्तरातच 'अँड्रॉइड_मीटर्ड' अशी चिठ्ठी पाठवतो आणि नेटवर्कमॅनेजर ती वाचून अंदाज बांधतो. पण अंदाजावर कशाला राहायचं. ग्नोम सॉफ्टवेअर हे पाळतं, डेबियनची आपोआप अद्ययावत करणारी यंत्रणाही पाळते. स्नॅप वापरत असाल तर त्याला वेगळं सांगावं लागतं: स्नॅप सेट सिस्टिम रिफ्रेश.मीटर्ड=होल्ड. तुमचा फोटो बॅकअपवाला मात्र हे बघतच नसेल, त्याच्या सेटिंगमध्ये जाऊन बघा.

व्हीएनस्टॅट टाकून ठेवा. कुठल्या कार्डावरून किती गेलं याचा रोजचा हिशोब मिळतो. पुढच्या वेळी फोनने सांगायच्या आधी तुम्हाला कळेल.

निळी_शाई | सोमवार, रात्री ९:४८

वायर्ड कनेक्शन ६. मोजलं. 'फोन' नावाची जोडणी बनवली, बाकीच्या सहा उडवल्या. आयपी रूट आता म्हणतं वायफाय ६००, फोन ७००. उत्तर वाखुसा (वाचनखूण साठवली).

अडला_हरी | मंगळवार, सकाळी ७:५५

माझं वेगळंच त्रांगडं आहे. टेदरिंग चालतं, पिंग जातं, शोधयंत्र उघडतं. पण काही साइट नुसत्या फिरत राहतात. एसएसएचने दूरच्या सर्व्हरवर लॉगिन होतं, छोट्या आज्ञा चालतात, पण लांब यादी मागितली की पडदा गोठतो. त्याच फोनच्या ब्राउझरमध्ये त्याच साइट पटकन उघडतात.

मार्गस्थ | मंगळवार, सकाळी ८:३०

'लहान चालतं, मोठं अडतं' हे वाचलं की एमटीयू, म्हणजे एका पाकिटाची कमाल लांबी.

लॅपटॉपला वाटतं १५०० बाइटचं पाकीट जाईल, कारण ईथरनेटचा तोच रिवाज. पण मोबाइल कंपनीच्या जाळ्यात तुमचं पाकीट दुसऱ्या पाकिटात घालून नेतात, आणि कुठे कुठे आयपीव्ही४ चं आयपीव्ही६ मध्ये रूपांतर होतं, ज्याचा मथळाच २० बाइट मोठा. मग १५०० मावत नाहीत. वाटेतल्या यंत्राने 'मोठं आहे, लहान पाठव' असा निरोप द्यायला हवा. तो निरोप मध्येच कोणी गिळला की दोन्ही टोकं वाट बघत बसतात. फोनला स्वतःला हे आकडे कंपनीकडून मिळतात म्हणून त्याचं अडत नाही.

तपासा: पिंग -एम डू -एस १४७२ आणि एखादा पत्ता. उत्तर येत नसेल तर आकडा उतरवत जा. १३७२ ला आलं तर त्यात मथळ्याचे २८ मिळवा, १४०० झाले. तोच आकडा लावा: सुडो आयपी लिंक सेट डेव्ह, कार्डाचं नाव, एमटीयू १४००. चाललं की वर सांगितलेल्या 'फोन' जोडणीत ८०२-३-ईथरनेट.एमटीयू म्हणून कायम करा.

अडला_हरी | मंगळवार, सकाळी ९:०२

१३९२ ला उत्तर आलं, १४०० ला नाही. १४२० लावलं. गोठणं गेलं! दोन महिने मी सर्व्हरला शिव्या घालत होतो.

गुलबकावली | मंगळवार, दुपारी १:४०

ब्लूटूथवरून करता येतं का? माझ्या फोनचं यूएसबी पोर्ट सैल झालंय, हॉटस्पॉट लावला की फोन इस्त्रीसारखा तापतो.

बिनतारी | मंगळवार, दुपारी २:०५

येतं. फोनवर ब्लूटूथ टेदरिंग चालू करा, दोघांची जोडी जमवा, मग ब्लूमॅनमध्ये किंवा नेटवर्कमॅनेजरमध्ये फोनच्या नावावर 'नेटवर्क'. कार्ड बीएनईपी-शून्य म्हणून येईल. हवेतला वेगच सेकंदाला ३ मेगाबिट, हातात दोनच्या आसपास पडतात. पत्रव्यवहार, एसएसएच, वाचन यांना पुरतं. व्हिडिओचं नाव काढू नका. बॅटरी मात्र हॉटस्पॉटपेक्षा पुष्कळ टिकते.

परग्रही | मंगळवार, सायंकाळी ५:१५

दोन प्रश्न. फोनवर व्हीपीएन चालू आहे, तरी लॅपटॉपचा पत्ता वेगळाच का दिसतो? आणि प्रवासात असताना बाहेरून माझ्या लॅपटॉपवर एसएसएच करता येईल का?

मार्गस्थ | मंगळवार, सायंकाळी ५:४०

१. साध्या अँड्रॉइडमध्ये टेदरिंगची रहदारी फोनच्या व्हीपीएनमधून जात नाही, बाजूने जाते. लॅपटॉपवर वेगळं व्हीपीएन लावा. हे ठाऊक नसलेले लोक आपण सुरक्षित आहोत या भ्रमात असतात.

२. थेट नाही. लॅपटॉप फोनच्या मागे, आणि फोन बरेचदा कंपनीच्या सामाईक पत्त्याच्या मागे. फोनचा मोबाइल डेटाचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ मध्ये असेल तर नक्कीच, तो पट्टा त्याचसाठी राखून ठेवलाय. बाहेरच्या एखाद्या सर्व्हरवर लॅपटॉपनेच आतून उलटा बोगदा काढायचा, एसएसएच -आर.

चौकस_चंद्या | मंगळवार, रात्री १०:१२

ऐकलंय की टेदरिंग केलेलं कंपनीला कळतं, आणि टीटीएल (पाकीट किती टप्पे जाऊ शकतं तो आकडा) ६५ केलं की कळत नाही. कोणी करून पाहिलंय?

बिनतारी | मंगळवार, रात्री १०:२०

कळू शकतं. लिनक्सचं पाकीट ६४ ने निघतं, फोन राउटर झाल्यामुळे एक वजा करतो, बाहेर ६३ दिसतं. पण ती एकच खूण नाही, बाकीच्याही असतात.

व्यवस्थापक | मंगळवार, रात्री १०:३१

कसं ओळखतात ते सांगून झालं, इथे थांबूया. आपल्या योजनेत टेदरिंग बसतं की नाही ते करारात वाचा. चुकवायच्या युक्त्या या धाग्यावर नकोत.

पहारेकरी | बुधवार, सकाळी ८:४८

आरएनडीआयएसचं एवढं कौतुक चाललंय म्हणून सांगतो. कर्नलचे ग्रेग क्रोह-हार्टमन यांनी २०२२ मध्ये हे ड्रायव्हर बंदच करून टाकायचा प्रस्ताव मांडला होता. म्हणणं असं की ही पद्धत मुळातच अशी रचलीय की पलीकडच्या उपकरणावर विश्वास नसेल तर ती सुरक्षित करता येत नाही. शक्य असेल तिथे एनसीएमच वापरा.

खटपट्या | बुधवार, सकाळी ९:१५

प्रस्ताव ठीक, पण जगभरचे लाखो फोन दुसरी बोली बोलतच नाहीत. फोन माझा, लॅपटॉप माझा, मग अविश्वास कोणावर दाखवायचा? अनोळखी माणसाचा फोन मी तसाही लावणार नाही.

पहारेकरी | बुधवार, सकाळी ९:२२

अनोळखी 'चार्जर' लावाल की. ड्रायव्हर तुमच्या कर्नलमध्ये तयारच बसलेला असतो, समोरचं उपकरण स्वतःला काहीही म्हणवून घेऊ शकतं. टेदरिंग कधीच लागत नसेल त्याने तो काळ्या यादीत टाकावा, एवढंच म्हणतोय.

खटपट्या | बुधवार, सकाळी ९:३०

हे मान्य.

निळी_शाई | बुधवार, रात्री ८:५०

शेवटचा हालहवाल. काल फोन वायफाय बंद ठेवून दिवसभर चार्जिंगला होता, व्हीएनस्टॅटमध्ये त्या कार्डावर काहीच नाही. आज दुपारी राउटर बंद पडला, बटण दाबून टेदरिंग चालू केलं, दोन सेकंदांत लॅपटॉप फोनवर आला. राउटर परत आल्यावर आपोआप वायफायवर गेला. चांगल्या वायरीला हिरवी चिकटपट्टी लावली आहे.

फक्त एक: धाग्याच्या शीर्षकात मी 'मोडेम' लिहिलंय, आणि जुनी_खोड यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं की हा मोडेम नाहीच. शीर्षक बदलू का?

जुनी_खोड | बुधवार, रात्री ९:०४

मुळीच नको. पुढचा जो अडेल तो 'मोडेम' च शोधत येईल. त्याला सापडायला हवा ना हा धागा.